आतून लागणारी कडी

“मग असं म्हण ना, की परक्यांकडे चालेल, पण आपल्या माणसांकडे नको,” अक्का म्हणाल्या आणि हातातलं पितळी पातेलं त्यांनी वर्तमानपत्रात इतकं आवळून गुंडाळलं, की कागद फाटला.

“तसंच म्हणतेय मी,” कांचन म्हणाली. “सकाळपासून तेच म्हणतेय.”

“ऐकलंस, गुरू?”

गुरुनाथ आठल्ये खुर्चीवर उभे राहून माळ्यावरची ट्रंक ओढत होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, पण बायको आणि थोरली बहीण एकाच वेळी बोलत असल्या की त्यांना फक्त सामान दिसे. “ट्रंक धरा कुणीतरी,” ते म्हणाले.

वीणाने ट्रंक धरली. भांडण तिच्यावरूनच चाललं होतं, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नव्हतं.

एक्क्याण्णवचा जानेवारी होता. गुरुनाथ भूजल खात्यात होते आणि त्यांची चंदीगडहून भुवनेश्वरला बदली झाली होती. सेक्टर सदतीसमधलं हे घर खात्याने भाड्याने घेतलेलं. त्यांच्या जागी येणारा माणूस बायकोमुलांसह गेस्ट हाऊसमध्ये येऊन राहिलाही होता आणि रोज संध्याकाळी फिरायच्या निमित्ताने घरावरून चक्कर मारून जात होता. महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं. वीणा मात्र फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला, मधोमध. दुसऱ्या विद्यापीठात नाव घालायचं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वसतिगृहात जागा गावातल्या मुलींना मिळत नसे. ती आता गावातली राहणार नाही हे कांचनने ऑफिसात जाऊन सांगितलं, तर सत्राच्या मध्यात खोली कुठून आणू, असं तिथल्या बाईंनी विचारलं, आणि ते काही खोटं नव्हतं. कांचनने स्वतः मुलीजवळ राहायचं म्हटलं तर दोन संसार झेपण्यासारखे नव्हते. शिवाय गुरुनाथांची साखर अशी, की त्यांना एकटं सोडलं तर ते सकाळी जिलबी खाऊन दुपारी डॉक्टरकडे जाणार.

तेव्हा वीणाला खोली हवी होती. सुरक्षित हवी होती आणि परवडणारी हवी होती. या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी असतील असं घर त्या वर्षी त्या शहरात मिळणं अवघड होतं.

सामान बांधायला मदत म्हणून सांगलीहून अक्का आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या सांगलीत एकट्या राहत, बँकेची, नळाची, भाडेकरूची सगळी कामं स्वतः करत, आणि दुसऱ्याच्या घरी गेल्या की तिथलीही करायला घेत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वीणाचा प्रश्न सोडवून टाकला होता. बँकेतले अशोक सोहोनी आणि त्यांची बायको चित्रा ही मंडळाच्या गणपतीतली ओळख. त्यांच्याकडे वीणाने राहायचं. चित्राने स्वतःहून म्हटलं होतं, भाडंबिडं काही नको, घरच्यासारखी राहील.

कांचन ते घर बघून आली होती. वीणाची कॉट बैठकीतून न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात पडणार होती. त्या बोळाला दार नव्हतं, पडदा होता, आणि पडद्याच्या आरपार सोहोन्यांचं सगळं घर दिवसभर ये-जा करत होतं. चित्राने चहा दिला, धाकट्याला कांचनच्या मांडीवर दिलं आणि सहज सांगितलं, “आमच्या बाईला मी सांगून टाकलंय हं, पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून.” कांचनने चहा संपवला, मूल परत दिलं आणि घरी आली.

“बोळ तर बोळ,” अक्का आता म्हणत होत्या. “मराठी घर आहे. चार शब्द आपले कानावर पडतील. पोरगी हल्ली यार यार करत बोलते, ते तरी सुटेल. आणि पोरं सांभाळली थोडी तर हात झिजतात काय?”

“अक्कात्या, मेरी परीक्षा है,” वीणा म्हणाली.

“तुला कुणी विचारलं नाही.”

“वही तो.”

कांचनचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढत नसेच, उलट राग आला की तो सपाट होई आणि मग गुरुनाथ तिच्याकडे बघायचं टाळत. ती म्हणाली, की तिला मुलीसाठी खोली हवी आहे, जिला दार आहे आणि त्या दाराला आतून लागणारी कडी आहे. एवढंच. अशी खोली तिने पाहिलेली आहे, सेक्टर पंधरामध्ये.

“सरदाराच्या घरात,” अक्का म्हणाल्या.

“हो.”

“रोज पेपरात काय येतं ते वाचता की नुसती भांडी गुंडाळता त्यात?”

हे बोलणं तसं घरातल्या कुणाला नवीन नव्हतं. बाजारात जाताना पिशवी उघडून दाखवावी लागे, चौकात वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे असत, अंधार पडायच्या आत जो तो घरी परते. मुलींनी जीन्स घालू नये, ओढणी घ्यावी, अशी पत्रकं कॉलेजच्या भिंतींवर लागली तेव्हा वीणाने काही न बोलता जीन्स ट्रंकेच्या तळाशी टाकली होती. भीती अशी रोजच्या भाजीपाल्यात मिसळलेली होती. पण भीतीच्या दिवसांत माणसाला आपली माणसं आठवतात, आणि कांचनला नेमकी त्यांचीच खात्री वाटत नव्हती.

गुरुनाथ खुर्चीवरून उतरले. ट्रंकेवर नागपूर, राजकोट, जम्मू अशी आधीच्या गावांची नावं एकाखाली एक रंगवलेली होती. त्यावरची धूळ पुसत ते म्हणाले, “हे बघा, त्या घरात सरदारजी आहेत ना? वयस्कर असतील म्हणतेस. मी एकदा जाऊन त्यांच्याशी बोलतो. माणूस कळतो बोलल्यावर. ते जबाबदारी घ्यायला तयार असतील तर माझी ना नाही. नाहीतर चित्राकडे. मग पुन्हा विषय नको.”

हे बोलून त्यांना हायसं वाटलं. अक्कांनाही वाटलं, कारण त्यांना खात्री होती की कुठलाही शहाणा सरदार परक्या मुलीची जबाबदारी घेणार नाही. कांचन म्हणाली, “उद्या संक्रांत आहे. मी वाण द्यायला जाईन तिकडे, तेव्हा विचारून येते ते घरी कधी असतात.”

सेक्टर पंधराचं घर सापडायच्या आधी मायलेकींनी बरीच पायपीट केली होती. शहराबाहेर खरडला नव्या बांधलेल्या फ्लॅटमधली खोली फार स्वस्त होती. स्वच्छ होती, भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. पण परतताना नाक्यावर बस थांबवली, सगळ्यांना उतरवलं, पुरुषांना एका बाजूला उभं केलं, आणि तपासणी संपेतोवर शेतांवर धुकं उतरलं. कंडक्टर म्हणाला, हल्ली शेवटची गाडी उजेडातच सोडतो. वीणाचं प्रॅक्टिकल सुटायचं ते उजेड जाता जाता. कांचनने खिडकीतून धुक्याकडे पाहत ती खोली मनातून काढून टाकली.

मग सेक्टर बावीस. बसस्टँडजवळ, दुकानाच्या वर, लाकडी फळ्यांच्या भिंती घालून केलेल्या खोल्या, मुलीच मुली. मालक बोलायला गोड होता. दाखवताना अभिमानाने म्हणाला, की दुकान बंद केलं की मी स्वतः जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावतो, सकाळी उघडतो, आजवर एका मुलीच्या आईबापांची तक्रार नाही. कांचनने विचारलं, आग लागली तर? तो हसला. “बहनजी, आजकल आग से ज़्यादा डर बाहर का है.” दारांना आतून कड्या नव्हत्या. मुली कड्या लावून आत काय करतील याचा भरवसा नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यानंतर चित्राचा बोळ. आणि मग वीणाच्या वर्गातल्या एका मुलीने सेक्टर पंधराचं घर सांगितलं, विद्यापीठाच्या समोरच्या अंगाला, रस्ता ओलांडला की आलं. बस नको, रिक्षा नको.

बैठं घर होतं, गच्चीवर एक खोली, तिला तिकडे बरसाती म्हणतात. दारावर पाटी: सरदार गुरदयाल सिंग, इंजिनियर. पुढच्या अंगणात दोरीवर आकाशी रंगाची लांबच लांब पगडी वाळत घातलेली, खळीने ताठ झालेली. दाराशी पुरुषी बुटांचा जोड, पॉलिश केलेला. घरमालकीण उन्हात वेताच्या मोढ्यावर बसून मोहरीची भाजी निवडत होती. पन्नाशीची, धिप्पाड, हातात कडं, डोक्यावर पांढरी ओढणी. महिंदर कौर. तिने कांचनला बसायला दिलं आणि वीणालाच उलट प्रश्न विचारले. घरी किती वाजता येतेस. मागे कुणी मुलगा येतो का. भाऊ आहे का, असेल तर त्याचे मित्र येतील का. वीणाने सगळ्याची सरळ उत्तरं दिली. तेव्हा ती कांचनकडे वळून म्हणाली, की आता लोक सरदारांच्या घरात राहायला तयार नसतात, तुम्ही कशा आलात?

“खोली बघायला आले,” कांचन म्हणाली. “खोली दाखवा.”

महिंदर कौरला हे उत्तर आवडलं असावं. तिने वर नेलं. आणि तिथे कांचनला जे दिसलं ते तिला आजवर कुठल्या घरात दिसलं नव्हतं. गच्चीवर जायचा बाहेरचा जिना विटा लावून बंद केलेला होता. नव्या विटांचा रंग जुन्या भिंतीत उठून दिसत होता. वर जायची वाट आता घरातूनच, महिंदर कौरच्या खाटेजवळून. खोलीला दार, त्यावर लोखंडी जाळीचं दुसरं दार, दोन्हींना आतून वर-खाली कड्या. मोरी आतच. भाडं चित्राच्या फुकटापेक्षा अर्थात जास्त, पण दुकानावरच्या खोलीपेक्षा कमी, पोळ्या-भाजीसकट. गुरुनाथांच्या पगारात बसणारं.

“मी विचार करते,” कांचन म्हणाली.

“मैं भी सोचूँगी,” महिंदर कौर म्हणाली.

सरदारजी कुठे असतात हे कांचनने विचारलं नाही. परक्या बाईच्या नवऱ्याची चौकशी काय करायची? दोरीवर पगडी होती, दाराशी बूट होते. पांढऱ्या ओढणीचं तिला काही वाटलं नाही, त्या वयाच्या पुष्कळ शीख बायका तशी घेत. कपाळाला कुंकू नव्हतं, पण ते तर तिकडे कुणाच्याच नसे.

संक्रांतीच्या दिवशी धुकं उशिरा फाटलं. अक्कांनी सकाळीच गुळाच्या पोळ्यांचं पीठ भिजवलं होतं. कांचनने आल्यागेल्यांसाठी हळदीकुंकवाची तयारी केली तेव्हा त्या नेहमीप्रमाणे आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसल्या. दर वर्षीचंच होतं ते, कुणी त्यांना जा म्हणत नसे आणि कुणी थांबा म्हणत नसे. दुपारी कांचनने पिशवीत करंडा घेतला, तिळगुळाचा डबा, वाणासाठी चहाची गाळणी, आणि ओटीसाठी गहू, बोरं, हरभरे, गाजराचे तुकडे. ज्या घरात मुलगी ठेवायची तिथे रिकाम्या हाताने विचारपूस करण्यापेक्षा आधी घरच्या बाईची ओटी भरावी, असा तिचा हिशेब. हे वळण तिला आईकडून आलेलं होतं आणि राजकोटला, जम्मूला, कुठेही नव्या शेजारात ते उपयोगी पडलं होतं.

महिंदर कौर एकटीच होती. पगडी आजही दोरीवर होती, या वेळी बदामी. कांचनने तिला समजावलं, की आज आमच्यात बायका बायकांना हे देतात, तिळाचं. महिंदर कौर हसून म्हणाली, तीळ आमच्याकडेही असतात, आणि रेवड्या-शेंगदाण्यांची परात पुढे सरकवली. मग कांचनने तिला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत, आणि ओटीसाठी ओढणीचा पदर पुढे करायला सांगितलं. महिंदर कौरने ओढणी न धरता दोन्ही हातांची ओंजळ केली, गुरुद्वारात प्रसाद घेताना करतात तशी. कांचनने ओंजळीत गहू घातले, बोरं घातली.

ओंजळ भरल्यावर महिंदर कौर शांतपणे म्हणाली, “बहनजी, तुम लोगों में यह विधवा को भी लगाते हैं?”

कांचनचा हात करंड्यावर तसाच राहिला.

गुरदयाल सिंग चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात कामावरून कानपूरहून गाडीने परत यायला निघाले होते. गाडी पोचली. ते पोचले नाहीत. महिंदर कौरने हे तीन वाक्यांत सांगितलं, ओंजळ तशीच धरून, जणू हलली तर बोरं सांडतील.

कांचनने पटकन पदर हातात घेतला आणि तिच्या कपाळाकडे नेला. महिंदर कौरने ओंजळ ताटात रिकामी केली आणि तिचं मनगट धरलं. “रहने दे. तूने बुरा सोच के थोड़ी लगाया.”

“मला वाटलं… ती पगडी, बूट…”

“सगळ्यांना तसंच वाटावं म्हणून तर आहे,” ती म्हणाली. शेजाऱ्यांना माहीत होतं, पण रस्त्यावरून जाणाऱ्यांना, खोल्या विचारत फिरणाऱ्यांना, रात्री फाटक हलवून बघणाऱ्यांना ते कळायचं काही कारण नव्हतं. म्हणून ती दर आठवड्याला पगड्या काढून धुवायची, खळ घालायची, दोन टोकं ताणून दोरीवर टाकायची. बुटांना पॉलिश करायची. कुर्ता-पायजमा वाळत घातला तर तो नोकराचाही असू शकतो, पगडी म्हणजे घरचा माणूस, असं तिने कांचनला एखादा पदार्थ सांगावा तसं सांगितलं. पोलीस येऊन विचारत, घरात तरुण मुलगा आहे का. मुलगा नव्हता, मुलगी लुधियान्याला दिलेली. ते दुसऱ्यांदा येऊन पुन्हा विचारत. आधीचे भाडेकरू, नवराबायको, दिवाळीच्या सुमाराला घाबरून निघून गेले. तेव्हापासून गच्चीवर अंधार होता, आणि वर अंधार असलेलं घर तिला नको होतं. तरुण मुलगे ठेवायची तर तिची छातीच नव्हती. ते कोण असतील आणि त्यांच्या मागे कोण येईल, सांगता येत नव्हतं. म्हणून मुलगी.

“मी येणारच होते तुमच्याकडे,” ती म्हणाली. “मुलगी ठेवून घ्यायची आणि तिच्या आईशी खोटं बोलायचं, हे माझ्याने व्हायचं नाही. आता तुम्हाला कळलंय. नको असेल तर नको म्हणा, मी राग मानणार नाही. घर में बता देना. बाहर नहीं.”

कांचनला आता मान हलवून, रेवड्या पिशवीत घालून घरी जाता आलं असतं. गुरुनाथ म्हणाले होते, सरदारजी नाहीतर चित्रा. ती जागेवरून उठली आणि म्हणाली, “मला वर परत एकदा न्या.”

वर गेल्यावर तिने महिंदर कौरला बाहेर उभं केलं आणि आतून दार लावून घेतलं. मग म्हणाली, ढकला. महिंदर कौर धिप्पाड होती, तिने खांदा लावून ढकललं. दार करकरलं, हललं नाही. कांचनने जाळी तपासली, मोरीची खिडकी तपासली, तीत मांजर शिरलं असतं, माणूस नाही. मग ती तशीच थोडा वेळ त्या रिकाम्या खोलीत कडी लावून उभी राहिली.

तिला मिरजेचं काकांचं घर आठवलं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची रेल्वेतून हुबळीला बदली झाली. मुलीला खोली कुठे बघायची, आपलं घर असताना? काकांचं घर चांगलं होतं, कुणी तिला वाईट बोललं नाही. फक्त तिला जागा नव्हती. ती स्वयंपाकघरात निजायची, तेव्हा सगळ्यांची निजानीज झाल्यावरच अंथरूण टाकता येई आणि चहाच्या आधी ते उचलावं लागे. मधल्या वेळात चुलत भावंडांचे डबे, काकूंची कंबर, पाहुणे. पुस्तक घेऊन बसली की कुणीतरी प्रेमानेच म्हणे, बसलीच आहेस तर एवढ्या शेंगा सोल. कॉलेजातली हजेरी भरली नाही, परीक्षेला बसता आलं नाही, आणि वर्षभरात तिचं लग्न झालं. या गोष्टीचं तिने कधी रडगाणं गायलं नाही. अक्कांना तर ती माहीतही नव्हती. पण आपली माणसं म्हटलं की तिला ते उचलायचं अंथरूणच आठवे.

तिने कडी काढली आणि बाहेर आली. महिंदर कौरच्या कपाळावर कुंकू तसंच होतं, थोडं नाकावर सांडलेलं.

“रात्री कुणी फाटकाशी आलं तर काय करता?” तिने विचारलं.

महिंदर कौरने तिला खाली नेऊन खाटेच्या उशाशी भिंतीतून गेलेली दोरी दाखवली. दोरीचं दुसरं टोक शेजारच्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात होतं, तिथे घंटा टांगलेली. इकडे ओढली की तिकडे वाजे, आणि डॉक्टर दिवा लावून पोलिसांना फोन करत. आजवर दोनदाच ओढली, ती म्हणाली. एकदा खरंच माणूस होता. दुसऱ्यांदा कुणाची तरी म्हैस.

कांचनला हसू आलं. मग तिने विचारलं, “असंच एक टोक वरच्या खोलीतून तुमच्या खाटेपर्यंत आणता येईल?”

“क्यों नहीं. बढ़ई को बुला लूँगी.”

“मग रविवारी आम्ही सामान घेऊन येतो.”

“पहले घर में पूछ ले,” महिंदर कौर म्हणाली.

“सांगते,” कांचन म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा दिवे लागायला आले होते. अक्का पोळ्या लाटत होत्या, वीणा भाजत होती आणि दोन करपवल्याबद्दल बोलणी खात होती. गुरुनाथ दारातच म्हणाले, “काय, कधी असतात सरदारजी घरी?”

“सरदारजी नाहीत,” कांचन म्हणाली. “सहा वर्षांपूर्वी गेले. बाई एकटी राहते.” आणि तिने सगळं सांगितलं, पगडी, बूट, दोरी, विटा. हेही सांगितलं, की हे या घराबाहेर जायचं नाही, मंडळात नाही आणि चित्राकडे तर नाहीच. आपण तिला कुंकू लावल्याचंही तिने सांगितलं. ते सांगताना तिने अक्कांकडे पाहायचं टाळलं.

लाटणं थांबलं. अक्कांनी विचारलं, “तिने पुसलं का?”

“नाही. मी पुसायला गेले तर हात धरला माझा.”

अक्कांनी पोळी उचलून वीणाच्या हातावर दिली, आणि नंतरची पोळी लाटायला जरा उशीर लावला.

गुरुनाथ मात्र सुटल्यासारखे दिसले. “मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले. “घरात पुरुष माणूस नाही, म्हणजे जबाबदारी कोण घेणार? दिवस कसले आहेत, तू बघतेस. मी चित्राला फोन करतो.”

“बाबा, मैं कुछ बोलूँ?”

“नको.”

“मी चित्रा मावशीकडे नाही जाणार, पक्का सांगते. हवं तर भुवनेश्वरला नेऊन बसवा मला घरी.”

“तू भाज पोळी,” कांचन तिला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. “उद्या वीणाला सांगलीत कॉलेज मिळालं असतं, तर तिला कुठे ठेवलं असतं तुम्ही?”

“हे काय विचारणं? अक्काकडे.”

“अक्कांच्या घरात पुरुष कोण आहे?”

अक्का आता लाटणं हातात धरून भावाकडे बघत होत्या, त्यांनाही उत्तर हवं असल्यासारख्या.

“अक्काची गोष्ट वेगळी,” ते शेवटी म्हणाले.

“वेगळी कशी?” हे अक्का म्हणाल्या. “माझ्या दाराला काय तू येऊन कडी लावतोस रोज रात्री?”

“अगं, तूच कालपासून म्हणत होतीस, सरदाराच्या घरात…”

“म्हणत होते. अजूनही मला ते पसंत नाही.” अक्कांनी पोळपाटावर पीठ टाकलं. “पण घरात पुरुष नाही म्हणून नाही. ते कारण तू काढू नकोस.”

गुरुनाथ खुर्चीवर बसले. ते वाईट नव्हते. त्यांना मुलीची काळजी होती आणि ती कुणा भारदस्त माणसाच्या हातात सोपवून गाडीत बसायचं होतं, एवढंच. असा माणूस नाही म्हटल्यावर काळजी त्यांच्याच हातात राहिली, आणि तिचं काय करायचं हे त्यांना कळेना. ते म्हणाले, की काही झालं तर लोक काय म्हणतील, तुम्हीच सांगा. मग म्हणाले, की निदान महिनाभर चित्राकडे ठेवू आणि मग बघू.

कांचनने करंडा पिशवीतून काढून फडताळात ठेवला, हात धुतले आणि पदराला पुसले.

“महिना नाही आणि बघू नाही,” ती म्हणाली. “रविवारी सकाळी वीणा सेक्टर पंधराला राहायला जाईल. मी आणि अक्का तिला पोचवायला जाऊ, तुम्हाला यायचं असेल तर या. तिची गादी, टेबल आणि स्टोव्ह ट्रकच्या सामानात बांधू नका.”